ईदालिनाने टाकी फोडली

"काही झालंच नाही ना शेवटी?" असं मला कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेली तीन वर्षं हेच ऐकतेय. चर्चच्या पायरीवर तेच, द्राक्षं तोडताना तेच, कुणाच्या मयताला गेलं तरी तेच. शेजारची बिबियाना तर माझ्यादेखत पाहुण्यांना सांगते, "हीच ती ईदालिना. हिनंच भरलेली टाकी फोडली. आणि काही झालंच नाही!" म्हणजे काय, तर चाळीस माणसं मरायला हवी होती, मग मी खरी ठरले असते. पण मग मला खरी म्हणायला उरलं असतं कोण, हा विचार त्या बाईच्या डोक्यात येत नाही. यायला डोकं लागतं.

तर आता मीच सांगते काय झालं ते. मधे बोलू नका.

आम्ही शां नावाच्या वाडीची माणसं, डोंगराच्या पोटात राहतो. पोटात म्हणजे अगदी पोटातच. जुना डोंगर कधीकाळी पूर्वेकडून समुद्रात घसरला, उरलेल्या अर्ध्याची भिंत पश्चिमेला उभी आहे, आणि त्या भिंतीच्या पुढ्यात नवा डोंगर वर आला. दोघांच्या मधल्या काळ्या राखेत आमची घरं, वेली, डाळिंबं, शेळ्या. खालची, सान फिलिपची माणसं आम्हाला वेडी म्हणतात. म्हणोत बापडी. बेटाचं नाव फोगो, म्हणजे आग, आणि तिथं राहून ह्यांना फक्त आम्हीच वेडे दिसतो. आमची दारू पिताना बरी शुद्ध हरपते ह्यांची.

ह्या राखेत वेल जगते, पण पाणी टिकत नाही. नदी नाही, विहीर नाही. वर्षातले दोन-तीन महिने काय पडेल ते पडेल, आणि पडलं की राख गटागटा पिऊन मोकळी. म्हणून आमच्याकडे घर म्हणजे आधी टाकी, मग भिंती. गच्चीवरचं पाणी पन्हळीने टाकीत उतरवायचं आणि त्यावर वर्ष काढायचं. दुष्काळात माझ्या आईचे दोन भाऊ तहानेनं आणि भुकेनं गेले, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं. लग्न झाल्यावर तिनं डोक्यावरून दगड वाहिले, बापानं रचले, आणि टाकी झाली. तिनं झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात. रात्री पोर उघडं पडलं तर ती एकवेळ उठायची नाही, पण टाकीचं झाकण नीट आहे का ते बघायला उठायची. ती मेली तेव्हा ती किल्ली माझ्या गळ्यात आली. बायकांच्या गळ्यात क्रूस असतो, माझ्या गळ्यात किल्ली.

माझा भाऊ किंतीनु माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि अकलेनं साठ. नाही, असं बोलू नये, हातानं तो सोन्यासारखा माणूस आहे. त्यानं तीच टाकी वाढवली, चाळीस हजार लिटरची केली. वाडीत तेवढी मोठी दुसरी नव्हती. त्याची बायको अमेरिकेला गेली ती दर रविवारी फोन करते आणि परत काही येत नाही. त्यांची मुलगी झेनाइदा मीच वाढवली. ती शिकायला लिस्बनला गेली, जमिनीच्या पोटाचं शास्त्र शिकून आली, आणि सान फिलिपला यंत्रांपुढं बसून डोंगराचं पोट कधी गुरगुरतं ते ऐकत असते.

टाकी फोडली त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. चार वर्षांनी टाकी काठोकाठ भरली. किंतीनु रोज सकाळी झाकणावर थाप मारून आवाज ऐकायचा, लोक गाईच्या पाठीवर मारतात तशी.

ऑक्टोबरात भांडी हलायला लागली. झेनाइदाचा फोन आला, "आत्या, सामान बांधायला घे. खालून काहीतरी वर चढतंय." तिनं वरच्यांना कागद पाठवला होता. वरचे म्हणाले, बैठक घेऊ. बैठक भरली तेव्हा डोंगर फुटून तीन दिवस झाले होते. बैल गेला नि झोपा केला! मी त्या बैठकीत असते ना, तर त्यांच्या टेबलावर पेटता दगड आणून ठेवला असता.

रविवारी सकाळी डोंगराच्या कुशीला चीर पडली आणि लाव्हा बाहेर आला.

आता तुम्हाला वाटेल पळापळ झाली असेल. छे. आमचा लाव्हा म्हणजे जळत्या दगडांचा ढीग, पुढं सरकतो तो रांगत रांगत. म्हातारी काठी टेकत पुढं निघून जाईल. पण त्याला थांबवता येत नाही, तीच तर पीडा. तुम्ही बघत बसता आणि तो येतो. दाराची बिजागरं काढा, खिडक्या काढा, पत्रे काढा, नळ काढा, दिव्याचे बल्बसुद्धा काढा. सगळं काढून झालं तरी तो यायचाच असतो.

आणि आमची एक रीत आहे. लाव्हा एखाद्या घराशी आला की अख्खी वाडी तिथं जमते. अगदी जवळ, चेहरा भाजेल इतक्या जवळ. घरधनी उंबऱ्यावर आपल्या पिंपातली पेलाभर दारू ओततो, आणि पहिली भिंत पडेपर्यंत कुणी हलत नाही. घराला एकटं मरू द्यायचं नाही. माणसाला देतो का आपण एकटं मरू?

झेनाइदा मंगळवारी आली, डोक्यावर हेल्मेट, पापण्यांवर राख. मी स्वयंपाकघराची खिडकी काढत होते. मी तिच्यावरच घसरले.

"काय गं शहाणे, एवढं शिकलीस, आमच्याच बेटानं काय घोडं मारलंय ते तरी सांग! बाकीची जमीन काय कमी आहे जगात?"

"आत्या, स्क्रू सांभाळ, पडेल." मग तीच पाना घेऊन दुसऱ्या बाजूला उभी राहिली. "जपानकडे बघ, जमिनीची एक जाड लादी दुसरीच्या खाली घुसते, म्हणून तिकडचे डोंगर फुटतात. आपल्याकडे तसं नाही. आपण लादीच्या कडेला नाहीच. पण आपल्याखाली, खूप खोल, तापलेल्या दगडाचा एक लोट हळूहळू वर चढतोय. वर येईल तसा त्याच्यावरचा भार हलका होतो. भार हलका झाला की तो वितळतो. त्यात वायू कोंडलेला असतो, तो सुटायला बघतो आणि सगळ्याला वर ढकलतो."

"मग इतर बेटांवर का नाही? बोआ व्हिस्ता बघ, कशी वाळूत लोळत पडलीय."

"ती म्हातारी झाली. आणि आपली लादी जवळजवळ हलतच नाही, आत्या. दुसरीकडे लादी सरकते, एक बेट विझतं, शेजारचं पेटतं. आपण मात्र लाखो वर्षं त्याच विस्तवावर."

"म्हणजे कुणीतरी बाई तवा चुलीवर ठेवून गप्पा मारायला गेली म्हण की!" मी म्हणाले. "आणि तव्यावर आम्ही."

ती हसली. तेवढंच काय ते त्या आठवड्यातलं हसणं. कारण तेवढ्यात तिला अंगणात किंतीनु दिसला. तो टाकीच्या झाकणाभोवती सिमेंट लिंपत होता.

"बाबा, हे काय करताय?"

"टाकी बंद करतोय. वरून ओली माती घालीन, हातभर. लाव्हा वरून जाईल. सहा महिन्यांनी येऊन खणीन. पाणी तसंच्या तसं. तेओफिलुच्या टाकीचं माहीत नाही का तुला? पंच्याण्णव साली?"

आमच्या वाडीत पोर बोलायला लागायच्या आधी तेओफिलुच्या टाकीची गोष्ट ऐकतं. पंच्याण्णवचा लाव्हा तेओफिलुच्या टाकीवरून गेला, त्यानं झाकण चुन्यानं बंद केलं होतं, वर्षानं वरचे दगड फोडले तर खाली पाणी थंडगार. सगळ्या वाडीनं प्यायलं. तेओफिलु गेला, गोष्ट राहिली. त्या मंगळवारी वाडीतल्या सगळ्या टाक्यांवर सिमेंट लिंपणं चालू होतं.

झेनाइदाच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, नाही! उलटं करायचंय. झाकण काढा, टाकी रिकामी करा. पाणी कोंडलं आणि वरून हजार अंशांचा दगड आला तर त्याची वाफ होते. एका लिटरची सतराशे लिटर वाफ! तिला जायला वाट नसली तर ती टाकी फोडून, वरचा लाव्हा उडवून बाहेर येते. आणि तुम्ही सगळे तिथं चाळीस पावलांवर निरोप द्यायला उभे!"

"तेओफिलुची नाही फुटली ती."

"तेओफिलुच्या टाकीवरून लाव्हा गेलाच नव्हता, बाबा! आमच्या नकाशात आहे ते. तिच्या अलीकडेच थांबला होता."

किंतीनुनं थापी आपटली. "नकाशा! हिचा नकाशा तेव्हा तिथं होता का? ताई होती तिथं. ताईला विचार!"

आणि दोघं माझ्याकडे बघायला लागली.

आता खरं सांगते. मी तिथं होते. मी त्या टाकीचं पाणी प्यायलेय. आणि लाव्हा टाकीच्या अलीकडे दोन हातांवर थांबला होता. दोन हात, ह्याहून जास्त नाही, पण थांबला होता. तेओफिलुनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लाव्हा टाकीला टेकला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा झाकणावर चढला. एकोणीस वर्षांत तो पार पलीकडे उतरून गेला. आणि मीसुद्धा सांगितली होती ती गोष्ट तशीच, पाहुण्यांपुढं, हातवारे करून. कुणाला बरं वाटत नाही अशी गोष्ट सांगायला? माझा मलाच इतका राग आला की हातातला पाना मी भिंतीवर फेकला.

"थांबला होता," मी म्हणाले. "अलीकडेच थांबला होता."

किंतीनु माझ्याकडे बघतच राहिला. "एकोणीस वर्षं एक सांगतेस आणि आज पोरगी आली की दुसरं? चाळीस हजार लिटर ओतून देऊ म्हणतेस? आईचं पाणी?"

"मी ओत म्हणाले का? मी थांबला होता म्हणाले!"

खरंच, तोवर माझंही मन तयार नव्हतं. पाणी ओतायचं? आमच्याकडे भांडी धुतलेलं पाणी शेळीला, आणि शेळीनं ठेवलेलं वेलीला. पाणी ओतणाऱ्या बाईला आमच्याकडे नवरा टाकतो आणि कुणी त्याला नावं ठेवत नाही.

बुधवारी सकाळी लाव्हा बिबियानाच्या गोठ्याशी आला. घर अजून लांब होतं, म्हणून निरोपाला कुणी नव्हतं. मी वरच्या बांधावरून बघत होते. गोठ्यात तिचं लोखंडी पिंप राहिलं होतं, तोंड ठोकून बंद केलेलं, आत अर्धं पाऊण पाणी. लाव्हानं ते पोटाखाली घेतलं. मी मनात म्हटलं, गेलं बिचारीचं पिंप. जरा वेळ काही नाही. मग असा धडाका झाला की माझ्या दाढा हलल्या. लाल दगड सगळीकडे उडाले, आणि पिंपाचं झाकण भिरभिरत येऊन माझ्या खालच्या बांधावर आदळलं. तिथं बिबियानाची शेळी बांधलेली होती. तिची मान कशानं गेली ते सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल.

मी पावलं मोजली. गोठ्यापासून शेळीपर्यंत साठ.

तशीच घरी गेले. किंतीनु गाडीत पिंपं चढवत होता. मी सगळं सांगितलं, शेळीसकट.

"ते पत्र्याचं पिंप, ताई. पत्रा फुटणारच. आपली टाकी दगडाची, मजबूत."

"म्हणूनच, बाबा!" झेनाइदा ओरडली. "जितकी मजबूत तितकी जास्त कोंडून धरणार!"

"पिंपात दीडशे लिटरसुद्धा नव्हतं, किंतीनु. तुझ्यात चाळीस हजार आहे!"

"माझ्यात अजून पुष्कळ आहे," तो म्हणाला. "मी टाकीजवळच उभा राहणार. शेवटपर्यंत ओली माती घालणार. घर जाऊ दे, दार जाऊ दे, पण आईची टाकी मी सोडत नाही. मेलो तर तिथंच मरेन, काय व्हायचं ते होऊ दे."

पालथ्या घड्यावर पाणी! आणि तो तसं करणार हे मला ठाऊक होतं. हा माणूस सात वर्षांचा असताना विंचू चावला तरी कणसं सोडली नव्हती त्यानं हातातली. टाकी जाणार हे तर ठरलेलंच होतं, भरलेली काय नि रिकामी काय. प्रश्न एवढाच उरला होता की तिच्याबरोबर माझा भाऊ जाणार का.

तो शेवटची खेप घेऊन खाली गेला, पिंपं, शेळ्या आणि आईचा पलंग. यायला दोन तास. लाव्हा दुपारी चारपर्यंत पोचेल असं झेनाइदा म्हणत होती.

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला आणि मी घण उचलला.

"आत्या, दे, मी मारते."

"तू बाजूला हो. तुझा बाप तुला जन्मात माफ करणार नाही. मला शिव्या द्यायच्या झाल्या तर निदान मी थोरली आहे, त्यालाही चार ऐकवीन."

आधी झाकण. सिमेंट अजून ओलसर होतं, पहारीनं निघालं. गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं, दोघींनी मिळून झाकण ढकललं. आत गार, दगडाचा वास. भिंतीवर आईनं खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या, कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं त्याच्या. सगळ्यात वरची रेघ पाण्याखाली गेली होती. तिच्या उभ्या आयुष्यात इतकं पाणी आलं नव्हतं. मी म्हटलं, "आये, बघू नकोस." आणि खालच्या अंगाला गेले, उतारावरची भिंत तळापर्यंत उघडी आहे तिथं.

पहिला घाव घातला तर घण उलटा आला. दुसरा तसाच. काय भिंत बांधली होती त्या दोघांनी! चुना, राख आणि हट्ट. मी मारत होते आणि शिव्या देत होते. किंतीनुला, तेओफिलुला, बैठकवाल्यांना, ज्या खोल लोटाला लाखो वर्षांत दुसरीकडे जायला सुचलं नाही त्याला. विसाव्या घावाला दगड आत गेला आणि पाण्यानं मला आडवी केली.

उठून बघते तर काय, एवढं पाणी, आणि जमिनीवर डबकंसुद्धा नाही. राख पीत होती. घरापुढं ओलं काळं होत होतं आणि तिथल्या तिथं जिरत होतं. बिबियाना धावत आली.

"अगं सैतानीण! अगं भूत शिरलं का तुझ्यात! पाणी गं! पाणी!" आणि त्याच दमात मागं वळून, "मुलींनो, घागरी आणा! पातेली आणा! उभ्या काय राहिल्यात!"

शेजारच्या सगळ्या बायका आल्या. शिव्या मला आणि पाणी घागरीत. एकीनं तर मला बाजूला ढकललं, मी तिच्या धारेत उभी होते म्हणून. झेनाइदा प्रत्येकीला सांगत होती, तुमचीही फोडा, तुमचीही उघडा. खालच्या अंगाच्या तिघींनी ऐकलं. त्यांनी निदान झाकणं काढली आणि बादल्यांनी उपसायला लागल्या, कारण त्यांनी शेळी पाहिली होती.

किंतीनु आला तेव्हा धार बोटाएवढी झाली होती. तो गाडीतून उतरला आणि तिथंच उभा राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं वाकून मूठभर ओली राख उचलली, पिळली, दोन थेंब गळले. तो त्या थेंबांकडे बघत होता.

"आई असती तर तिनं तुझे हात तोडले असते."

"तोडू दे! पण तू तिथं उभा राहिला असतास तर तुझे हात शोधायला मला डोंगरभर फिरावं लागलं असतं!"

"तू माझी बहीण नाहीस." एवढंच बोलला आणि तोंड फिरवलं.

चार वाजता लाव्हा आला. अख्खी वाडी जमली, रीत ती रीत. किंतीनुनं उंबऱ्यावर दारू ओतली. घराला दिली, टाकीला नाही. मग जाऊन टाकीपासून चाळीस पावलांवर, निरोपाच्या ठरल्या जागी उभा राहिला, आणि बाकीचे त्याच्याभोवती. मी मागं उभी होते. माझ्याजवळ कुणी उभं राहिलं नाही.

मागची भिंत पडली. गच्ची पडली. लाव्हा अंगणात उतरला, टाकीशी आला, आणि भोकातून एक लाल जीभ आत गेली. तळाशी वीतभर पाणी उरलं होतं, त्याची पांढरी वाफ झाकणाच्या उघड्या तोंडातून वर आली. फुस्स. कात्सुपाच्या, म्हणजे आमच्या मक्याच्या खिचडीच्या, भांड्यावरचं झाकण सरकवल्यावर येते तेवढी. मग तीही थांबली. लाव्हा हळूहळू टाकी भरत गेला, भरून वर आला आणि पुढं चालता झाला.

कुणीतरी हसलं. आणि बिबियाना म्हणाली, "एवढ्यासाठी? काही झालंच नाही की!"

तिथं जन्म झाला ह्या वाक्याचा. मी ओरडून सांगितलं, अगं बये, रिकामी होती म्हणून झालं नाही! पण जे झालं नाही ते कुणाला कसं दाखवायचं? शेळी मेली ती दिसली. किंतीनु जिवंत उभा होता, तो कुणाला दिसत नव्हता.

बाकीच्या टाक्यांवर लाव्हा चढला तोवर वाडी रिकामी झाली होती, त्यांचं काय झालं ते बघायला कुणी नव्हतं. दीड वर्ष खाली छावणीत आणि मग सरकारी खोल्यांत काढलं. पाणी टँकरनं यायचं. टँकरला उशीर झाला की सगळे माझ्याकडे बघायचे. आणि मेल्या म्हशीला मणभर दूध! चाळीस हजारांचे साठ झाले, साठांचे लाख झाले. परवा कुणीतरी म्हणालं, त्या टाकीत वाडीला दहा वर्षं पुरलं असतं. तेओफिलुचा लाव्हा पुढं सरकला होता तशी आता माझी टाकी वाढतेय. किंतीनु माझ्याशी बोलत नव्हता. एका खोलीत, एका ताटापुढं बसून झेनाइदाला सांगायचा, "तुझ्या आत्याला सांग, मीठ कमी आहे." मी तिला सांगायचे, "तुझ्या बापाला सांग, जीभ जागेवर आहे तेच पुष्कळ आहे, चव मागाहून बघू."

मग आम्ही परत वर आलो, सगळेच येतात तसे. नव्या काळ्या दगडावर घर बांधायला घेतलं. फटीत हात घातला तर अजून ऊब लागते, मी तिथं रताळी भाजते. घराच्या आधी टाकी, अर्थात. किंतीनु रचत होता, मी दगड वाहत होते. एकसष्टाव्या वर्षी, डोक्यावरून, आईसारखे. चकार शब्द नाही दोघांत. घमेलं ठेवायचं, रिकामं घ्यायचं.

मागच्या शनिवारी टाकी पुरी झाली. मी खालच्या अंगाला राहिलेली खडी गोळा करत होते, तर तळाशी, उतारावरच्या भिंतीत, मांडीएवढा जाड पाइप दिसला. तोंडाला लोखंडी चक्राची झडप, झडपेला साखळी, साखळीला कुलूप.

टाकीच्या तळाला भोक. आमच्या वाडीत! तिथं आम्ही टाकीला मुंगीएवढी चीर पडली तरी नवस बोलतो. मी घमेलं खाली टाकलं.

"हे काय आहे?"

तो वरून सिमेंट घोटत होता. बघितलं नाही. पण बोलला, तीन वर्षांनी माझ्याशी सरळ बोलला. "साफसफाईला."

"साफसफाईला? टाकी साफ करायला आपण झाडू घेऊन आत उतरतो, किंतीनु! साठ वर्षं उतरतोय! तळाला भोक कुणी ठेवतं का? तोंडानं बोल की कशाला ते! बोल! वाडीला ऐकू जाऊ दे!"

तो खाली उतरला. हात पुसले, खिशातून नवी किल्ली काढली. माझ्या गळ्यातल्या दोरीत झाकणाची किल्ली होती, तिच्याशेजारी ती ओवायला लागला. सिमेंटानं बोटं ताठलेली, गाठ काही लवकर बसेना.

"ही खालची," तो म्हणाला. "ताई, पुढच्या वेळी घण नको उचलूस. पाठ धरते तुझी."

मी त्याला तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या. गाठ बसेपर्यंत तो मान खाली घालून ऐकत होता.